आमची वाटचाल: आंब्याची पिकअप आणि मॉरिस मायनर एकाच शेडमध्ये

रत्नागिरीत एमआयडीसीच्या रस्त्याला आमचं गॅरेज आहे. बाबांनी ते सुरू केलं तेव्हा दारात उभ्या असायच्या त्या बहुतेक जीप आणि अँबेसिडर टॅक्स्या. अँबेसिडर म्हणजे मुळात इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज थ्री. २०१४ मध्ये बंगालमधल्या उत्तरपाड्याचा तिचा कारखाना थांबेपर्यंत तिचा सांगाडा फारसा बदलला नाही. तिला पुढे मिळालेलं १४८९ सीसीचं बी-सिरीज इंजिन इंग्लंडमध्ये एमजी ए या दोन सीटच्या स्पोर्ट्स गाडीतही बसत होतं. त्यामुळे टॅक्स्यांवर हात बसलेल्या बाबांसमोर एखाद्या बागायतदाराच्या वाड्यातली जुनी ब्रिटिश गाडी आली, की बॉनेट उघडताच त्यांना घरचं माणूस भेटल्यासारखं वाटे. आमची जुन्या गाड्यांची आवड तिथून सुरू झाली.

पोट मात्र आजही रोजच्या गाड्यांवरच भरतं. मार्च ते मे आमच्याकडे पिकअपशिवाय दुसरं काही दिसत नाही. हापूसच्या पेट्या भरलेली गाडी क्लच प्लेट जाऊन हातखंब्याला उभी राहिली, तर ‘उद्या बघू’ म्हणता येत नाही. माल पहाटे वाशीला पोचला नाही तर त्याचा भाव गेला. एक बागायतदार काका दरवर्षी सांगतात, “मेस्त्री, माझी लँड रोव्हर पावसानंतर घे, पण पिकअप आज संध्याकाळी निघाली पाहिजे हो.” गणपतीला चाकरमानी येतात ते हायवेच्या खड्ड्यांत बुश आणि शॉकअप घालवून. या कामांना आम्ही कधी कमी लेखलं नाही. हंगामातल्या याच पैशावर शेडच्या मागच्या बाजूला एखादी मॉरिस मायनर, म्हणजे जुनी छोटी ब्रिटिश गाडी, महिनोन्‌महिने निवांत उघडून ठेवता येते.

आमच्याकडे जुन्या गाड्यांत सर्वांत जास्त येते ती हेराल्ड. मूळची ट्रायम्फ हेराल्ड १९५९ ची. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने ती १९६१ पासून आपल्याकडे बनवली. मडगार्डसकट अख्खं बॉनेट पुढे उलटतं आणि चाकावर बसून इंजिनाचं काम करता येतं. जेमतेम २५ फुटांच्या वर्तुळात ती वळते, म्हणून गडग्यांमधल्या आपल्या अरुंद रस्त्यांना तिच्याइतकी सोयीची जुनी गाडी मी पाहिलेली नाही. पण तिच्या पुढच्या चाकांमागे एक जागा आहे, जिच्याबद्दल मी प्रत्येक हेराल्डवाल्याला थांबवून सांगतो. चाक वळतं ते पितळी ट्रनियनमध्ये, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या सांध्यात. त्यात आटे आहेत आणि त्या आट्यांत स्टीलची उभी लिंक फिरते. तिथे ग्रीस चालत नाही, ९० नंबरचं गिअर ऑइल लागतं. सवयीने ग्रीसगन लावली की ग्रीस वरच अडकतं, खालचे आटे कोरडे पडतात, पावसाचं पाणी आत शिरतं आणि गंज धरतो. मग एके दिवशी वळणावर लिंक आट्यांपाशी तुटते आणि चाक आत मुडपतं. आंबा घाटाच्या वळणावर असं झालं तर काय, याचा विचारही नको. म्हणून कुठलीही हेराल्ड आली की तेलाची गन आधी त्या जागी लागते. मालक रंगाचं काम सांगायला आलेला असला तरी.

खारं वारं हा आमचा दुसरा मोठा विषय. मिऱ्या बंदराकडे राहणाऱ्यांच्या गाड्यांचा पत्रा दाराखालच्या पट्टीत आणि जॅक लावायच्या जागी आधी सडतो. १९४८ मध्ये लँड रोव्हर निघाली तेव्हा युद्धानंतर ब्रिटनमध्ये स्टीलची टंचाई होती, म्हणून तिची बॉडी अ‍ॅल्युमिनियमची केली. लोकांना वाटतं ती गंजतच नाही. पण चेसी स्टीलची आहे, आणि अ‍ॅल्युमिनियम स्टीलला टेकतं तिथे खारी ओल बसली की दोन धातूंमध्ये खाणं सुरू होतं. वरून ठणठणीत, खालून चाळण अशा गाड्या आम्ही पाहिल्या आहेत. पावसाळ्यात जुन्या गाडीवर प्लॅस्टिक घट्ट गुंडाळू नका, वारा खेळू द्या, हे आम्ही दर मे महिन्यात सांगतो. प्लॅस्टिकखाली ओल कोंडते, आणि पत्रा भर पावसापेक्षा त्या ओलीनेच लवकर जातो.

क्रँक ग्राइंडिंग, बोअरिंग, नवी बुशिंग असली कामं आम्ही कोल्हापूरच्या उद्यमनगरला नेतो. तिथे ऑइल इंजिनांच्या काळापासून ओतकाम आणि लेथचं काम चालत आलं आहे, आणि नमुना हातात दिला तर तसाच भाग करून देणारे कारागीर आजही भेटतात. पान्यांचा बाबांचा जुना संच मात्र इथेच राहतो. व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाच्या आट्यांचा कोन ५५ अंशांचा, आजच्या एमएम बोल्टचा ६०. जबरदस्तीने एकात दुसरा बसवला की आटे गेलेच. आमच्याकडे शिकायला येणाऱ्या मुलाला पहिले काही दिवस फक्त बोल्ट ओळखायला बसवतो. ती नजर तयार झाली की ओम्नीचं काम तो आपोआप नीट करतो.

पावसाळा आणि आंबा सोडला तर अधूनमधून रविवारी सकाळी आवारात मंडळी जमतात. जुन्या गाडीबरोबर प्रत्येकाने आपली रोजची गाडीही आणायची, हा आमचा आग्रह. मायनरवाले डॉक्टर रोज वॅगनआर चालवतात आणि तिच्या सीएनजीबद्दल तितक्याच प्रेमाने बोलतात. दोन्ही बॉनेट शेजारी शेजारी उघडली की गोष्ट समोरच मांडलेली असते. मायनर (१९४८) घडवली अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी. तिचं इंजिन गाडीच्या लांबीत बसवलेलं, ओढ मागच्या चाकांना. सुएझच्या संकटात पेट्रोल तुटलं, तेव्हा त्यांनीच १९५९ ची मिनी केली. लांबी जेमतेम १० फूट, इंजिन आडवं, ओढ पुढच्या चाकांना. मिनीत गिअरबॉक्स इंजिनाखाली होता. तो इंजिनाच्या टोकाला नेण्याची आजची रचना इटलीच्या दान्ते जाकोझा यांनी रुळवली. वॅगनआरमध्ये तीच आहे. शाळकरी मुलं हे पाहून आपल्या घरच्या गाडीचं बॉनेट उघडायला लावतात, याचा मला फार आनंद होतो.

२०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना ‘व्हीए’ मालिकेचा, म्हणजे व्हिंटेज गाडीचा खास नंबर मिळतो. नव्या नोंदणीला २० हजार रुपये लागतात. पण तो घेतला की गाडी रोज वापरता येत नाही. माझं मत स्पष्ट आहे. जुनी नोंदणी जिवंत असेल तर ती सांभाळा आणि गाडी चालवत राहा. आताच्या पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतली ओल ओढतं आणि जुने रबरी पाइप मऊ पाडतं. आपल्या दमट हवेत उभ्या गाडीची टाकी त्याने आतून गंजते. पाइप आम्ही बदलून देतो, पण टाकीतलं पेट्रोल फिरतं ठेवणं मालकाच्या हातात आहे.

तुमच्याही मांगरात अशी एखादी गाडी वर्षानुवर्षं उभी असेल, तर हौसेने नवी बॅटरी आणून स्टार्टर मारू नका. पिस्टन रिंगा सिलेंडरला चिकटलेल्या असतात. प्लग काढून आत थोडं इंजिन ऑइल सोडा, काही दिवस मुरू द्या, मग हँडलने हळूहळू फिरवून बघा. जुनं पेट्रोल काढून टाका. बॅटरी लावाल तेव्हा अर्थिंग कुठल्या बाजूचं आहे ते आधी पाहा. त्या काळच्या कितीतरी ब्रिटिश गाड्यांत बॉडीला प्लस जोडलेला असतो. शंका आली तर तसंच ठेवा आणि आम्हाला बोलवा. आम्ही तिथे येऊन बघतो.