नजर घडवणारा तास

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत हीट ट्रीटमेंटच्या, म्हणजे धातू तापवून त्याचे गुणधर्म बदलण्याच्या, भट्ट्यांवर माझी सगळी नोकरी झाली. त्या कामाला लागणारी नजर मला आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेत मिळाली, म्हणून त्याबद्दलच लिहितो.

नववीत असताना विज्ञानाच्या सरांनी खिडक्या लावून घेतल्या आणि टॉर्चचा बल्ब रिओस्टॅटला, म्हणजे वीजप्रवाह कमीजास्त करणाऱ्या उपकरणाला, जोडला. सरकपट्टी हळूहळू पुढे नेली. आधी काहीच दिसेना. मग तारेवर मंद लाली चढली, ती नारिंगी झाली, पिवळी झाली आणि शेवटी डोळे दिपवणारा पांढरा उजेड पडला. 'तार तीच आहे, मग रंग का बदलला?' सरांनी विचारलं.

उत्तर सांगण्याआधी त्यांनी आम्हाला तांबट आळीत नेलं. थंड असताना तांब्याचा पत्रा तांबूस आणि कोळसा काळा. भट्टीत तापल्यावर मात्र दोन्ही सारखेच लाल! पत्र्याची कड कुठे संपते ते शोधावं लागत होतं. घन पदार्थ जवळजवळ कोणताही असो, साधारण ५२५ अंश सेल्सिअसला तो अंधारात लालसर दिसू लागतो. निरनिराळे पदार्थ एकाच तापमानाला उजळू लागतात, हे थॉमस वेजवुडने १७९२ मध्येच नोंदवलं होतं. तापमान वाढेल तसा प्रकाशाचा भर आखूड लहरींकडे, म्हणजे लालकडून निळ्याकडे, सरकतो, हा नियम १८९३ मध्ये विल्हेल्म वीनने मांडला. त्यामागचं कारण शोधताना १९०० साली माक्स प्लांकला ऊर्जा सलग नसून पुंजांत, म्हणजे ठरावीक तुकड्यांत, येते असं मानावं लागलं.

तापलेली वस्तू हिरवी का दिसत नाही, असं वर्गातल्या एका मुलीने विचारलं. फार चांगला प्रश्न होता तो. सूर्याच्या प्रकाशाचा भर हिरव्याच्या आसपासच आहे, पण बाकीचे रंगही सोबत येतात, म्हणून एकूण उजेड पांढरा. गॅसच्या निळ्या ज्योतीला मात्र हा हिशेब लावायचा नाही, तो रंग जळणाऱ्या वायूतल्या रेणूंचा, हेही सरांनी बजावलं. मृग नक्षत्रातले तारे या हिशेबात बसतात: तांबूस काक्षी सुमारे ३,५०० केल्विन तापमानाचा, निळसर राजन्य १२,००० च्या घरातला.

कारखान्यात पायरोमीटर, म्हणजे दुरून तापमान मोजणारं उपकरण, असतो, तरी झरोक्यातून बघायची माझी सवय कधी गेली नाही. भट्टी सगळीकडून सारखी तापली की आतला गिअर भिंतीच्या रंगात मिसळून दिसेनासा होतो. आताच्या नववीच्या मुलांना हे बघायचं असेल तर शाळेने जरूर कळवावं. परवानगी काढण्याचं काम माझ्याकडे लागलं.