पुरे एक मिनिट

एका दुपारी शेजारच्या वहिनी बोटाला लावायचे ऑक्सिमीटर घेऊन आल्या आणि मी नको म्हणत असतानाही त्यांनी ते माझ्या तर्जनीला लावले. करोनाच्या काळात घराघरांत शिरलेले हे यंत्र आता औषधांच्या डब्यात थर्मामीटरशेजारी कायमचे जाऊन बसले आहे. त्याने ऑक्सिजन 97 आणि नाडी 76 दाखवली, वहिनींचे समाधान झाले आणि त्या चहाकडे वळल्या. माझे समाधान मात्र झाले नाही. उमेदीची सारी वर्षे नर्सिंगच्या मुलींना शिकवण्यात गेल्यामुळे, मनगटाला हात न लावता सांगितलेली नाडी मला खरी वाटतच नाही, आणि हा हट्ट आता जाईल असेही वाटत नाही.

नाडी पुरे एक मिनिट मोजावी, हा त्याच्याच पाठचा हट्ट. वॉर्ड भरलेला असला की पंधरा सेकंद मोजून चाराने गुणण्याचा मोह सर्वांनाच होतो. पण त्या गुणाकारात एका ठोक्याची चूक चार ठोक्यांची होते, आणि लय तर हातीच लागत नाही. पहिल्या वर्षाची मुलगी घाबरून इतके दाबते की रोहिणीच, म्हणजे हृदयाकडून रक्त आणणारी वाहिनीच, बंद होते, आणि रुग्णाची नाडी लागत नाही म्हणून तिचाच चेहरा उतरतो. दुसरी अंगठा टेकवते आणि स्वतःच्याच अंगठ्यातले ठोके मोजून तक्त्यावर लिहिते. ज्याच्या अलिंदांचे, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे, आकुंचन विस्कळीत झाले आहे, अशा रुग्णाची गोष्ट आणखी निराळी. त्याच्या हृदयाचे काही ठोके निलय, म्हणजे खालचे कप्पे, पुरते भरण्याआधीच पडतात आणि त्यांतून इतके थोडे रक्त बाहेर पडते की मनगटापर्यंत काहीच पोचत नाही. म्हणून तेथे दोघींनी एकाच घड्याळावर मोजायचे असते, एकीने छातीच्या डाव्या बाजूला, पाचव्या आणि सहाव्या फासळीच्या मधल्या जागेत स्टेथोस्कोप ठेवून आणि दुसरीने मनगटावर. छातीवर 110 आणि मनगटावर 88 आले, तर मधले 22 कोठे गेले हे विचारण्यासाठीच तो सारा उपद्व्याप.

मनगटाशी बोटांना जाणवतो तो ठोका म्हणजे नुकतेच हृदयातून निघालेले रक्त, असे पुष्कळांना वाटते, आणि ते तसे नाही हे सांगायला मला फार आवडते. डावे निलय आकुंचन पावले की साधारण 70 मिलिलीटर रक्त महारोहिणीत, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या सर्वांत मोठ्या रोहिणीत, ढकलले जाते, तिची लवचीक भिंत ताणली जाते आणि त्या ताणाची लाट भिंतीभिंतीने सेकंदाला 5 ते 10 मीटर वेगाने पुढे धावते. खुद्द रक्त महारोहिणीतसुद्धा सेकंदाला सरासरी 20 ते 25 सेंटीमीटरच सरकत असते. मालगाडीला इंजिनाने धक्का दिला की तो खडखडत क्षणात शेवटच्या डब्यापर्यंत जातो, डबे मात्र हातभरही हललेले नसतात, तसेच हे. उतारवयात रोहिण्या ताठर होतात तेव्हा ही लाट आणखी वेगाने पळते. म्हातारपणी आपल्यात वेग वाढलेली बहुधा तेवढीच एक गोष्ट असावी.

शिरांशी ओळख मात्र माझी त्याच्या कितीतरी आधीची आहे. दुपारी जेवून आजोबा ओसरीवरच्या खाटेवर पडत, त्यांचा हात कडेवरून खाली लोंबत असे आणि त्यावरच्या शिरा टम्म फुगलेल्या असत. मनगटाजवळ एक बोट दाबून ठेवायचे, दुसऱ्या बोटाने ती शीर कोपराकडे निपटत न्यायची, मग वरचे बोट उचलायचे. शीर वरून भरत येई ती एका बारीकशा गाठीपर्यंतच, त्याखाली सपाटच राही; खालचे बोट उचलले की झर्रकन भरे. आजोबा डोळे न उघडताच म्हणत, “सोड गं, गुदगुल्या होतात.”

इंग्रज वैद्य विल्यम हार्वे यांनी 1628 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात दंडाला पट्टी आवळलेल्या हाताच्या आकृत्या आहेत आणि त्यांतली बोटे नेमके हेच करताना दिसतात. रक्त यकृतात तयार होते आणि अवयवांत जिरून संपते, ही प्राचीन ग्रीक वैद्य गेलेनपासून चालत आलेली समजूत त्यांनी साध्या हिशेबाने मोडली. ठोक्यागणिक अगदी थोडे रक्त बाहेर पडते असे धरले, तरी अर्ध्या तासात ते सबंध शरीरातल्या रक्ताहून जास्त भरते, तेव्हा ते फिरून परत येत असलेच पाहिजे. रोहिणीतून ते नीलेत, म्हणजे हृदयाकडे परत नेणाऱ्या शिरेत, जाते कसे, हे मात्र त्यांना दिसले नाही. इटलीतले वैद्य मार्चेल्लो माल्पिगी यांना 1661 मध्ये बेडकाच्या फुप्फुसात या दोहोंना जोडणाऱ्या अतिबारीक केशवाहिन्या दिसल्या, तेव्हा हार्वे यांना जाऊन चार वर्षे झाली होती.

आजोबांच्या हातावरची ती गाठ म्हणजे झडप. पायांच्या नीलांतही अशा झडपा असतात. पोटरीचे स्नायू आवळले की रक्त वर ढकलले जाते आणि झडपा ते खाली उतरू देत नाहीत. चालणाऱ्याचे हे काम आपोआप होते, तासन्‌तास एका जागी उभे राहणाऱ्याचे होत नाही. रक्त साचते, नीला ताणल्या जातात, झडपांच्या पाकळ्या एकमेकींना टेकेनाशा होतात आणि कातडीखाली निळ्या, वेड्यावाकड्या शिरा वर येतात. फळ्यासमोर उभे राहून हे मी इतक्या मुलींना समजावले की अखेर माझ्याच पोटऱ्यांवर ती आकृती उमटली. डॉक्टरांनी घट्ट लवचीक मोजे दिले आहेत. सकाळी अंथरुणातून उठण्याआधीच ते चढवायचे असतात. मे महिन्यात ते चढवताना जो घाम निघतो तो पाहता सध्या ते कपाटात आहेत. पाऊस लागला की बघू.