तुम्ही विचारलंत म्हणून: ओरिजनल स्टिअरिंग बॉक्स का काढला

एकदाच लिहून टाकतो. 1968 ची शेव्हेल (शेव्हरलेची जुनी अमेरिकन गाडी), इतकी वर्षं जपलेली, मग तिचा ओरिजनल पॉवर स्टिअरिंग बॉक्स (स्टिअरिंगचं फिरणं चाकांपर्यंत पोचवणारा गिअरचा डबा) काढून नवीन का बसवला? इथे मिशिगनमध्ये कार शोला बॉनेट उघडून शेजारी खुर्ची टाकून बसलं की गोरे आजोबा विचारतात, गणपतीला मंडळाच्या पार्किंगमध्ये आपली माणसं विचारतात (गाडीवर एकूण किती गेले ते ऐकून त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला, "एवढ्यात कॅमरी नसती आली का?"), आणि बायको विचारत नाही, नुसती बघते.

आधीच सांगतो, ही एसएस 396, म्हणजे शेव्हेलचं मोठ्या इंजिनवालं खास मॉडेल, नाहीये. 327 इंजिनवाली साधी मालिबू आहे, त्यामुळे "इतिहासाची वाट लावलीस" म्हणणाऱ्यांनी निम्मा राग घरी न्यावा. दुसरं म्हणजे चासीला एकही नवीन भोक पाडलेलं नाही, त्याच जुन्या बोल्टांवर बसलाय, पिटमन आर्मसुद्धा (बॉक्समधून निघून चाकांचे दांडे हलवतो तो) जुनाच लागलाय. उद्या कुणाला ओरिजनल परत चढवायचा असेल तर एका शनिवारचं काम आहे.

आता ते "वरचा स्क्रू जरा आवळ, प्ले जाईल" वाले (प्ले म्हणजे स्टिअरिंगमधला ढिलेपणा). अहो, तो स्क्रू मलाही दिसतो. कोल्हापूरला वडिलांच्या फियाटवर आमचा मिस्त्री तेच करायचा आणि मग वळण घेतल्यावर स्टिअरिंग परत सरळ व्हायला मागायचं नाही. कारण गाडी जन्मभर बहुतेक सरळच चालते, म्हणून बॉक्समधले दात मधोमध जास्त झिजतात, आणि ती मधली झीज धरून स्क्रू आवळला की कडेच्या न झिजलेल्या दातांवर सगळं जाम होतं. आणि मुळात माझ्या बॉक्सला झीज नव्हतीच हो! आदल्याच वर्षी रीबिल्ड करून आणलेला, सील नवीन, बेअरिंग नवीन, चाकांकडे जाणारे टाय रॉड, आयडलर आर्म, बॉल जॉइंट, स्टिअरिंगचा दांडा बॉक्सला जोडणारा रॅग जॉइंट, सगळं नवीन. हे मी प्रत्येकाला सांगतो आणि ऐकून झाल्यावर प्रत्येकजण विचारतो, "टाय रॉड बघितलेस का?"

झालं असं. मी आणि मुलगा, तेव्हा आठवीत होता, नोव्हायहून निघून आय-75 हायवेने बे सिटीकडे चाललो होतो. वाटेत सॅगिनॉ नदीवरचा झिलवॉकी पूल लागतो, मिशिगनवाल्यांना सांगायला नको, खालून जहाजं जावीत म्हणून सव्वाशे फूट उंच नेलेला, दोन किलोमीटरच्या वर लांब, आणि तिथे वारा अडवायला काही म्हणजे काही नाही. त्या दिवशी पुलावर काम चालू, लेन सरकवलेल्या, उजव्या हाताला सिमेंटचे बॅरिअर इतके जवळ की मुलाने खिडकीतून हात काढला असता तर लागला असता. वारा डावीकडून. मी स्टिअरिंग थोडं डावीकडे धरून चालवतोय, थोडं म्हणजे किती ते हाताला कळत नाही, मधोमध दोन बोटं इकडे फिरवा नाहीतर दोन बोटं तिकडे, हाताला सगळं सारखंच लागतं. तेवढ्यात डावीकडून अठरा चाकी ट्रक आला. त्याने वारा अडवला, आणि मी डावीकडे धरून बसलेलो म्हणून गाडी निघाली थेट त्याच्याकडे. उजवीकडे फिरवलं, काही नाही. अजून फिरवलं, काही नाही, अजून फिरवलं तर सगळं एकदम आलं, गाडीने बॅरिअरकडे तोंड केलं आणि नेमका तेव्हाच ट्रक पुढे गेला आणि अडलेला वारा परत अंगावर. त्या बॅरिअरवर आधी कुणाची तरी गाडी घासून गेली होती, तिच्या रंगाचा लाल पट्टा उठलेला, तो मी इतक्या जवळून बघितला की त्यातले ओरखडे आठवतात. मुलगा ओरडला वगैरे नाही. त्याने दोन्ही तळवे डॅशबोर्डवर टेकवले आणि तसाच बसला.

लागली नाही. आरसासुद्धा लागला नाही. पूल उतरेपर्यंत मी डावं उजवं डावं उजवं करत होतो, घामाने स्टिअरिंग निसटत होतं, आणि ज्या गावच्या (सॅगिनॉच्या) कारखान्यातून हा बॉक्स आला त्याच गावच्या नदीवर तो आपल्याला बुडवणार असला काहीतरी पांचट विनोदही डोक्यात आला. पहिल्या एक्झिटला बाहेर पडलो, पंपावर थांबलो. मुलगा म्हणाला, "बाबा, परत जाताना आई येऊ शकेल का घ्यायला?" मी म्हटलं वारा होता रे. तो बरं म्हणाला. त्यानंतर पुढचा उन्हाळाभर तो त्या गाडीत बसला नाही, दर वेळी काहीतरी होमवर्क निघायचा.

तर, वारा होता, ट्रक होता, माझे टायर ओरिजनलपेक्षा रुंद आहेत, सगळं मान्य. पण बॉक्स बिघडलेला नव्हता, तो असाच बनवलेला होता, हे कुणी समजून घेत नाही. आत तोंडाशी एक बारीक टॉर्शन बार असतो, तुम्ही स्टिअरिंग फिरवलं की तो पीळ खातो, पिळामुळे व्हॉल्व्ह उघडतो आणि पंपाचा दाब मदतीला येतो. बार बारीक असला की जरा पीळ पडताच सगळी मदत हजर, मग रस्ता हाताला लागणार कुठून? 1951 ला क्रायस्लरने इम्पीरिअलमध्ये पॉवर स्टिअरिंग आणलं तेव्हापासून गिऱ्हाइकाला हलकेपणाच विकला गेला, एका बोटाने पार्क करा. त्यात माझ्या जुन्या बॉक्सचा रेशो 17.5 ला एक (स्टिअरिंग साडेसतरा डिग्री फिरवलं की पिटमन आर्म एक डिग्री), म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत चारेक वेढे. नवीन आहे 12.7 चा, तीनपेक्षा कमी वेढ्यांत काम होतं, आणि बार जाड. सॅगिनॉच्याच पुढच्या 600 सिरीजचा आहे, नव्वदच्या दशकातल्या ग्रँड चेरोकीत यायचा त्याच घराण्यातला, त्यामुळे निदान जातीबाहेरचं लग्न केलं असं म्हणू नका. इनपुट शाफ्टचे स्प्लाइन (दांड्यावरच्या खाचा) वेगळे म्हणून रॅग जॉइंट बदलला, जुन्या होजला (तेलाच्या नळीला) फ्लेअरचा जोड आणि नव्या बॉक्सला ओ-रिंगचा म्हणून मधे अडॅप्टर घातले, बाकी काही नाही. रॅक अँड पिनिअन (बॉक्सऐवजी आडव्या दातेरी पट्टीचं स्टिअरिंग) का नाही म्हणाल, तर या गाडीची लिंकेज (चाकं वळवणारे दांडे) चाकांच्या मागे असते, तिथे रॅक बसवण्याची कसरत आणि वर टर्निंग सर्कल वाढणार, मला नको होतं.

आता जे कुणी विचारत नाही ते मीच सांगतो. बॉक्स बदलला त्याच वेळी मी अपर कंट्रोल आर्मही (पुढची चाकं वरून धरणारे दांडे) बदलले आणि कॅस्टर (ज्या अक्षावर पुढचं चाक वळतं त्याचा मागे कललेला कोन) वाढवून घेतला. या गाड्या निघाल्या तेव्हा जुन्या पद्धतीचे बायस प्लाय टायर होते, फॅक्टरीचा कॅस्टर शून्याच्या आसपास, आजच्या रेडिअल टायरला तो पुरत नाही, सरळ रेषेत गाडी भटकते. मी आता चार डिग्री पॉझिटिव्ह ठेवलाय आणि गाडी हायवेला रुळावरून चालल्यासारखी जाते. पण मग गुण कुणामुळे आला, बॉक्समुळे की कॅस्टरमुळे? नुसता कॅस्टर करून जुना बॉक्स ठेवला असता तर? सांगता येत नाही, दोन्ही एकदमच झालं. आधी एक करून बघ, मग दुसरं, असं मीच दुसऱ्यांना सांगत असतो. पण त्या पुलानंतर एक एक करून बघायचा धीर नव्हता, आणि त्याबद्दल मला वाईटही वाटत नाही.

गंमत म्हणजे पूर्वी हा प्रश्न विचारणारा मीच होतो. शोमध्ये दुसऱ्याच्या बॉनेटखाली वाकून म्हणायचो, गाडी जशी होती तशी चालवायची नसेल तर नवीन घे ना. त्या जुन्या मला आज म्हणावंसं वाटतं, तू पुलावर नव्हतास. तो म्हणेल, मग पुलावरून नेऊ नकोस, कमी स्पीडने आतल्या रस्त्याने जा, गाडीचं वय बघ. यावर माझ्याकडे उत्तर आहे, पण ते दर वेळी वेगळं असतं. आणि खरं सांगू का, पूर्वी घराच्या ड्राइव्हवेमध्ये वळताना तळवा टेकवून ते मोठं पातळ स्टिअरिंग गरगर फिरवायचं, ती मजा गेली. आता फिरवावं लागतं. मुलगा लायसन्स मिळाल्यावर पहिल्यांदा चालवायला बसला, चक्कर मारून आला आणि म्हणाला, "जड आहे." बस, एवढंच म्हणाला!

जुना बॉक्स गॅरेजमध्ये आहे, ऑइल काढून, तोंडं बंद करून, शेल्फवर. विकायचाय का म्हणून विचारू नका. नाही विकायचा.