भीमा आणि आजी

आज भीमा लिफ्टमध्ये पहिल्यांदा शांत राहिला. ४२ किलोचा अमेरिकन बुली जातीचा कुत्रा, छाती बघूनच लोक मागे सरतात. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी आत आल्या, मी पट्टा आखडला, आणि हा आपणहून खाली बसला! सहा महिने रोज हेच शिकवतोय. "अगंबाई, गुणी आहे की रे," म्हणाल्या.

मार्च २०२४ मध्ये केंद्राने कुत्र्यांच्या २३ जातींवर बंदीचं पत्रक काढलं, तेव्हापासून सोसायटीत कुजबुज आहे. लोकांची भीती मला कळते. म्हणून बाहेर जाळीचं मुसकं घालतोच. त्यात त्याला धापा टाकता येतात. आखूड तोंडाच्या कुत्र्याला उन्हाळ्यात तेवढं हवंच. डांबराला तळहात लावून बघतो, चटका बसला तर फिरणं उशिरा.

आत्ता माझ्या पायावर डोकं ठेवून घोरतोय. पाय बधिर झालाय, पण हलवणार नाही.