'सौ.' खोडल्यावर

आज शेजारच्या काकांनी पत्र लिहायला बसवलं. गावाकडच्या थोरल्या बहिणीचे यजमान गेले. तिला फोनवर नीट ऐकू येत नाही, म्हणून पत्र.

वर 'श्री' लिहायला गेले तर म्हणाले, "अगं, दुखवट्याच्या पत्रावर नको." 'तीर्थरूप' फक्त आईवडिलांना, बहिणीला 'तीर्थस्वरूप', हेही सांगितलं. पुढे सवयीने हाताने 'सौ.' लिहिलं गेलं. काका बघतच राहिले. मग म्हणाले, "कागद बदल. 'ती. स्व. ताईस' एवढंच लिही."

मजकुरात मी 'आपल्या दुःखात सहभागी आहोत', 'ईश्वर मृतात्म्यास शांती देवो' वगैरे घातलं. (व्हॉट्सॲपची कृपा, दुसरं काय!) काकांनी सगळं काढायला लावलं. "बँकेची नोटीस वाटतेय. लिही, सातबाऱ्यावर वारसनोंदीचा अर्ज तीन महिन्यांत द्यायचा असतो. मी येतो, तलाठ्याकडे आपण दोघं जाऊ. तोवर कुणी कसल्याही कागदावर अंगठा मागितला तर देऊ नकोस. आणि गोळ्या वेळेवर घे."

शेवटी 'कळावे, लोभ असावा' लिहू का विचारलं, तर म्हणाले, "लोभ कसला असावा? बहीण आहे माझी. 'तुझा बाळू' लिही."

काका एकाहत्तरचे आहेत.