चैत्रांगणात टँकर

आमचा रांगोळीचा डबा देवघराच्या खालच्या कप्प्यात असतो. पत्र्याचा, चौकोनी, एके काळी बिस्किटांचा असलेला आणि आता झाकण नीट न बसणारा. वर्षभर त्यातून रोज चिमूटभर रांगोळी निघते आणि उंबऱ्याशी एक स्वस्तिक व दोन पावले उमटली की तिचे काम भागते, पण चैत्र शुद्ध तृतीया जवळ आली की सासूबाई तो डबा उचलून कानाशी हलवतात आणि आवाजावरून निकाल देतात, "पुरायची नाही. रविवार पेठेतून आणवून घ्या." तृतीयेला गौर झोपाळ्यात बसते, अक्षय्य तृतीयेपर्यंत माहेरी राहते, आणि तेवढे दिवस तिच्यासमोर चैत्रांगण काढायचे असते.

ज्यांनी ते पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगते. गेरूने सारवलेल्या तांबड्या चौकोनावर वरच्या बाजूला आंब्याच्या पानांचे तोरण, मधोमध गौरीचा पाळणा, दोन कोपऱ्यांत सूर्य आणि चंद्र, आणि मग उरलेल्या जागेत शंख, चक्र, गदा, पद्म, तुळशीवृंदावन, गोपद्मे, नाग, कासव, हत्ती, फणी, करंडा, आरसा. काही घरांत ही शुभचिन्हे ५१ मोजतात. सासूबाई मोजत नाहीत. त्यांच्या मते जागा संपली की चैत्रांगण संपते. मला या रांगोळीतली सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे तिच्यात मोठ्या-लहानाचा हिशोब नाही. हत्ती फणीएवढा असतो आणि कासव सूर्याएवढे. देवाच्या हातातली आयुधे, रानातले प्राणी आणि बाईच्या फडताळातल्या वस्तू अशा शेजारीशेजारी मांडलेल्या असतात की जणू त्या एकाच बाजारातून एकाच पिशवीत आल्या आहेत. कासव काढताना सासूबाई शेपटीपासून सुरुवात करतात, कारण आधी डोके काढले तर ते चालू लागते असे त्यांचे म्हणणे आहे. याला शास्त्राधार काय, असे मी लग्नानंतरच्या पहिल्या चैत्रात विचारले होते. त्यांनी उत्तर दिले नाही, पण शेपूट मात्र माझ्याकडून काढून घेतली.

गेल्या वर्षी चैत्रातल्या एका रविवारी आमच्या कॉलनीत वसंत मेळावा झाला. बेळगावातल्या टिळकवाडीच्या पलीकडच्या आमच्या वसाहतीत मराठी आणि कन्नड घरे जवळजवळ आलटूनपालटून आहेत, त्यामुळे जिन्याजवळच्या फळ्यावर सूचना दोन्ही भाषांत लागते, आणि कोणती वर व कोणती खाली हा प्रश्न आमच्या सचिवांनी दोन्ही शेजारीशेजारी लिहून कायमचा मिटवला आहे. सकाळी निसर्गफेरी, मग मुलांची चित्रकला स्पर्धा, दुपारी आईवडील आणि मुले यांनी मिळून करायचे हस्तकाम आणि संध्याकाळी हळदीकुंकू असा कार्यक्रम होता. हळदीकुंकू ज्येष्ठ महिलांच्या आग्रहाने शेवटच्या क्षणी शिरले होते आणि त्याच्यापुढे सावधपणे 'सर्वांसाठी' असे लिहिले होते.

आपण काही नवे करतो आहोत असा एक भाव या सूचनेत होता, त्याची मला थोडी गंमत वाटली. या भागात वसंत ऋतूत माणसे एकत्र यायची राहिली आहेत कधी? फेब्रुवारी-मार्चपर्यंत कडोली, उचगाव, सांबरा, येळ्ळूर अशा गावांतून मराठी साहित्य संमेलने होतात, ग्रंथदिंडीत शाळेची मुले लेझीम खेळतात आणि शेतावरून आलेला माणूस मांडवात मांडी घालून कवितावाचन ऐकतो. त्यानंतर यात्रांचे दिवस येतात. काही गावांची महालक्ष्मीची यात्रा तर इतक्या वर्षांनी येते की मागच्या यात्रेला कडेवर असलेले पोर या यात्रेला पाहुण्यांच्या पंगतीत वाढत असते. वैशाखात बेळगावात तिथीनुसार शिवजयंतीचे चित्ररथ निघतात, आणि त्या सजीव देखाव्यांत उभ्या राहणाऱ्या मुलांना इतिहासातला एक प्रसंग जन्मभर पाठ होतो, कारण तो प्रसंग त्यांनी चिकटवलेल्या दाढीखाली घाम पुसता न येता रात्रभर सोसलेला असतो. तर आमचा मेळावा नवा नव्हता, फक्त त्याला वेळापत्रक होते.

निसर्गफेरी व्हॅक्सिन डेपोच्या आवारात ठरली होती. सकाळी साडेसहाला वीसेक मुले आणि त्यांच्याहून अधिक पालक जमले. जुन्या झाडांची ती जागा शहराच्या मधोमध असूनही आत शिरले की दोन अंश थंड वाटते. आमच्यातले एक निवृत्त शिक्षक दुर्बीण घेऊन पुढे चालले होते आणि दर दहा पावलांनी बोट ओठांवर ठेवत होते, ज्याचा परिणाम फक्त पालकांवर होत नव्हता. कुठून तरी टुक टुक टुक असा एकसुरी आवाज येत होता. "तांबट," शिक्षक म्हणाले. "हा तर कासार गल्लीतला आवाज," बाकावर टेकलेल्या सासूबाई म्हणाल्या. त्यांचे लहानपण त्या बाजूला गेलेले, हातोडीखाली तांब्याचे पातेले कसे बोलते ते त्यांना ठाऊक. दोघांचेही बरोबर होते, कारण पक्ष्याला नाव त्याच आवाजावरून मिळाले आहे. मात्र तांबट ऐकू येणे सोपे आणि दिसणे कठीण. चिमणीएवढा, अंगाने हिरवा, कपाळावर आणि छातीवर लाल टिळा असलेला हा पक्षी ओरडताना मान इकडून तिकडे फिरवतो, म्हणून आवाज एकदा या झाडातून आणि एकदा त्या झाडातून आल्यासारखा वाटतो, आणि शोधणारा हिरव्या पानांत हिरवा पक्षी हुडकत चक्रावून जातो. शेवटी तो सापडला तो सात वर्षांच्या एका मुलाला. त्याने सासूबाईंच्या खांद्यावर हनुवटी टेकवून, हात लांब करून, वाळक्या फांदीच्या टोकापर्यंत त्यांची नजर नेली. गळा फुगवून टुकटुकणारा तो इवलासा जीव त्या बराच वेळ पाहत राहिल्या. "सत्तर वर्षं ऐकतोय," त्या म्हणाल्या, "आणि हा एवढासा?" (आमच्याकडच्या बायका 'ऐकतोय' आणि 'जातो'च म्हणतात, पुण्याच्या नातेवाइकांना ते अजून पचलेले नाही.)

चित्रकला स्पर्धेबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. विषय 'वसंत ऋतू' होता आणि बहुतेक कागदांवर दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या बेचक्यातून उगवणारा सूर्य, एक नदी आणि एक माड अवतरला. आपल्या पश्चिमेचे डोंगर माथ्याशी असे टोकदार नसतात, तिथे जांभ्याचे सपाट सडे पसरलेले असतात, हे जांबोटीच्या रस्त्याने दर सुट्टीत जाणाऱ्या मुलांनाही आठवले नाही. के. बी. कुलकर्णींनी ज्या गावात पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांना चित्र शिकवले, १९३५ साली जन्मलेल्या रवी परांजपेंनी ज्या गावात त्यांच्याकडे पहिले धडे गिरवले, त्या गावातली ही गोष्ट. पालकांचा हातही बऱ्याच कागदांवर फिरलेला दिसत होता. पहिले बक्षीस एका वडिलांना मिळाले असे म्हणायला हरकत नाही.

खरा मेळावा दुपारनंतर मांडवाच्या कोपऱ्यात सुरू झाला. संध्याकाळच्या हळदीकुंकवासाठी सासूबाई तिथे चैत्रांगण काढायला बसल्या होत्या. हस्तकामाच्या टेबलावरचा डिंक संपल्यामुळे रिकामी झालेली मुले हळूहळू त्यांच्याभोवती जमली. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरलेली रांगोळी रेघ ओढत नाही, ती पडत जाते. हात जमिनीपासून बोटभर वर हवा आणि श्वास धरून ठेवलेला हवा. मुलांनी ते करून पाहिले तेव्हा रेघेऐवजी ढिगारे पडले. मग प्रश्न सुरू झाले. करंडा म्हणजे काय? त्यात कुंकू का ठेवायचे? टिकलीचे पाकीट का नाही? गदा कुणी पाहिली आहे का? एका मुलीने प्रामाणिकपणे सांगितले की तिने गोपद्मही पाहिलेले नाही, कारण गाईचे पाऊल डांबरी रस्त्यावर उमटत नाही.

आमच्या समोरच्या घरातल्या अज्जी तोवर येऊन शेजारी बसल्या होत्या. मुले सासूबाईंना आजी म्हणतात आणि त्यांना अज्जी. फरक एका जोडाक्षराचा. अज्जी आधी ठिपक्यांची जाळी मांडतात, चुक्की म्हणतात त्या तिला, आणि मग त्या ठिपक्यांना वळसे घालत एक न तुटणारी रेघ फिरवतात. गदेचा वाद ऐकून त्या आपल्या मराठीत म्हणाल्या, "बघितलं तेवढंच काढा की. न बघितलं ते आम्ही म्हातारी काढतो." अशी वाटणी झाली. डावी बाजू आज्यांची, उजवी बाजू मुलांची, आणि अट एकच: या चैत्रात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले असले पाहिजे.

रंग मात्र नव्हते. तेव्हा कुणी हळद आणली, कुणी विटेचा तुकडा दगडाने कुटला, एका घरातून खानापूरच्या बाजूने आणलेली कुंडीतली तांबडी माती आली आणि बैलहोंगलचे माहेर असलेल्या एका सुनेने तुळशीवृंदावनातली काळी माती मूठभर दिली. दोन्ही मुठी शेजारी ठेवल्या तेव्हा आपल्या जिल्ह्याचा नकाशाच समोर आला. बेळगावच्या पश्चिमेला जांभ्याची लाल माती आणि कणकुंबीकडचा हजारो मिलिमीटर पाऊस. पूर्वेला काळी जमीन आणि आभाळाकडे डोळे लावलेली जोंधळ्याची शेते. आणि कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा त्या तांबड्या मुलखातून निघून काळ्या मुलखात, सौंदत्तीजवळच्या धरणाशी जाऊन थांबणारी. शिक्षकांनी लगेच बोटाने ती नदी दोन मुठींमधून वाहवून दाखवली. दिवसभरातला हा एकच पाठ त्यांना ओठांवर बोट न ठेवता देता आला.

मुलांच्या बाजूला काय काय आले! काळीभोर करवंदे आली, कारण पानाच्या द्रोणात ती विकणारी बाई आदल्याच दिवशी दारावरून गेली होती. फणस आला. पाडव्याची गुढी आणि उगादीला गुळाबरोबर खाल्लेला कडुलिंबाचा मोहोर एकाच मुलाने काढला, कारण त्याच्याकडे दोन्ही असते. तांबट आला आणि तो नियमाप्रमाणे सूर्याहून मोठा होता. जांबोटीच्या रस्त्यावर पाहिलेली अंजनीची जांभळी फुले काढायला जांभळा रंग मिळेना, तेव्हा एका मुलीने कोकमाचे सरबत ओतले आणि मुंग्यांना आमंत्रण दिले. आणि ज्याला सकाळी तांबट सापडला होता, त्या मुलाने विटेच्या भुकटीत पाणी कालवून, बोटाने, अतिशय मन लावून पाण्याचा टँकर काढला.

यावर चर्चा झाली. काही आयांना ते बरे वाटले नाही. चैत्रगौरीपुढे टँकर म्हणजे जरा अतिच. मुलाचे म्हणणे असे की अट पाळलेली आहे. नळाला पाणी येण्याचा दिवस पुढे पुढे जात होता, टँकर त्या महिन्यात चार वेळा आला होता आणि प्रत्येक वेळी तोच गच्चीवरून सर्वांत आधी ओरडला होता. निर्णय सासूबाईंवर आला. त्यांनी चष्मा वर करून शंखाकडे पाहिले, मग टँकरकडे पाहिले. "आत काय आहे?" त्यांनी विचारले. "पाणी." "मग गंगाच की. गंगा दारात आली म्हणजे शुभच. चाकं नीट कर, मी कमळ काढतो शेजारी." अज्जींनी टँकरभोवती ठिपक्यांची एक चौकट टाकली आणि विषय संपला.

हळदीकुंकवाला आमच्याकडची कैरी घालून वाटलेली हरभऱ्याची डाळ होती आणि अज्जींच्या घरची कोसंबरी होती, जी नावाने आपल्या कोशिंबिरीची बहीण लागते आणि चवीने डाळीची मावसबहीण. आमच्या पन्ह्याशेजारी त्यांचे पानक होते. 'सर्वांसाठी' असल्यामुळे पुरुषही आले, आणि ओटीचे भिजवलेले हरभरे रुमालात कसे न्यायचे या विवंचनेत उभे राहिले. बक्षीस मिळालेले चित्र कुठे लावले होते ते कुणाच्या लक्षात नाही.

सोमवारी रात्री वळीव कोसळला. मांडवाचे कापड आधीच उतरवलेले होते; सकाळी पाहिले तर शंख, चक्र, करंडा, करवंदे, सगळे वाहून गेले होते आणि गेरूचा एक तांबूस ओघळ गटारापर्यंत गेला होता. ओल्या भुकटीने काढलेला टँकर मात्र फरशीत मुरला होता. इतका पाऊस पडूनही नळाला पाणी आलेच नाही, म्हणून दहाच्या सुमारास टँकर आला. चालक मागे घेत घेत आत येताना काच खाली करून थांबला, उतरला, फरशीवरच्या चित्राकडे वाकून पाहिले आणि वरच्या गच्चीकडे पाहून ओरडला, "कुणी काढलंय हे? पाइप राहिला की रे!"

पाच मिनिटांनी आमची बेल वाजली. दारात तो मुलगा उभा होता, आणि त्याला डबा हवा होता.