110 मिनिटांचं औषध

मागच्या डिसेंबरात मोठ्या आईला पेट स्कॅनसाठी (कॅन्सर शोधायचा स्कॅन, आधी औषध टोचतात) नागपूरला रामदासपेठेत घेऊन गेलो होतो. रात्रीपासून उपाशी, शुगर तपासून झाली, हाताला सुई लावून ठेवली अन् मग कळलं की डोसच यायचाय, धुक्यामुळे फ्लाइट लेट. मोठी आई भडकली, "औषधच नाही त मले उपाशी काऊन बसवलं रे?"

टेक्निशियन भाऊ म्हणाला की त्या औषधातलं रेडिओअॅक्टिव्ह फ्लोरिन-18 दर 110 मिनिटांनी अर्धं होतं, म्हणून निघतानाच जास्तीचं भरून पाठवतात. म्हणजे 3 तास 40 मिनिटांत पावच उरतं! आपण विमानाची वाट पाहतोय अन् ते डब्यातल्या डब्यात आटतंय. झिरो माईल म्हणून आपण मिरवतो खरं, पण मध्यावर असणं म्हणजे सगळ्यांपासून सारखंच दूर असणं.

घरी येऊन वाचत बसलो, हे बनतं सायक्लोट्रॉनमध्ये, म्हणजे कणांना गोल फिरवून वेग देणाऱ्या मशीनमध्ये. अशी मशीनं विकणारी आयबीए नावाची बेल्जियमची कंपनी आहे, 1986 ला तिथल्या लूव्हाँ विद्यापीठातून निघालेली, त्यांचं सायक्लोन-30 कोलकात्यालाही आहे. त्यातली एक आयडिया मला जाम आवडली. गोल फिरून वेग घेतलेला प्रोटॉन मशीनबाहेर काढणं हीच खरी कटकट, जुन्या पद्धतीत बराचसा आतच आपटायचा अन् मशीनच रेडिओअॅक्टिव्ह होत जायचं. म्हणून हे लोक हायड्रोजनला एक इलेक्ट्रॉन जास्तीचा देऊन फिरवतात, शेवटी कार्बनचा पातळसा पापुद्रा आडवा धरतात, दोन्ही इलेक्ट्रॉन तिथेच सोलले जातात, नुसता प्रोटॉन उरतो, चार्ज उलटा झाला की तेच चुंबक त्याला उलटीकडे वळवतं अन् गडी आपोआप बाहेर! पुढे तो ऑक्सिजन-18 वाल्या महागड्या पाण्यावर आदळतो, एक न्यूट्रॉन उडतो, फ्लोरिन तयार. मग ते साखरेसारख्या रेणूला जोडायचं, कारण कॅन्सरच्या पेशी साखरेला हावरट.

तर आमचा डोस साडेअकराला टोचला. मग तासभर अंधाऱ्या खोलीत गप पडून राहायचं, बोलायचं पण नाही, ही शिक्षा मोठ्या आईला सुईपेक्षा जड गेली. निघताना सांगितलं, आज लहान मुलांना जवळ घेऊ नका. नातू दारातूनच रडत होता.

रात्री साडेदहाला तिने विचारलं, "गेलं का रे ते आंगातून?" मी हिशोब केला, 11 तास म्हणजे सहा वेळा अर्धं, चौसष्टावा हिस्सा उरला असेल. तोवर नातू झोपून गेला होता.